डिटेक्टर विकून विसरू नका: धुराचे आणि सीओचे अलार्म सांभाळायचा छोटा व्यवसाय



व्हिडिओमध्ये मी स्मोक डिटेक्टर खाली उतरवून त्याच्या पाठीवरची तारीख तुम्हाला वाचून दाखवली. खूप जणांनी विचारलं, की हे सगळं एका जागी लिहून मिळेल का? तर घ्या. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आपल्याकडे धंदा म्हटलं की पहिला विचार येतो तो विकण्याचा. माल आणायचा, मार्जिन लावायचं, विकायचा. पण काही वस्तू अशा असतात, की विकल्यावर खरं काम सुरू होतं. आरओ फिल्टर बघा, इन्व्हर्टरची बॅटरी बघा. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर याच जातीचा. फरक एकच. फिल्टर बिघडला तर पाण्याची चव बदलते, बॅटरी बसली तर पंखा बंद पडतो, म्हणजे माणसाला कळतं. डिटेक्टर आतून मेला तर काहीच कळत नाही. तो भिंतीवर तसाच छान दिसत राहतो. दिसतं तसं नसतं, ते इथे अगदी शब्दशः खरं आहे.

म्हणून आजच्या धड्याचं सार एका वाक्यात: या धंद्यात तुम्ही डबा विकत नाही, तुम्ही तारीख सांभाळता.

## आधी तीन डबे वेगळे ओळखा

गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "तो गॅसचा अलार्म द्या." त्याला नेमकं काय हवंय हे त्यालाही माहीत नसतं. तुम्हाला मात्र माहीत पाहिजे.

स्मोक डिटेक्टर: हा धूर ओळखतो. आता बहुतेक ठिकाणी मिळतो तो फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे आत प्रकाशाचा किरण असतो आणि धुराचे कण आले की तो विखुरतो. धुमसत्या आगीचा धूर, म्हणजे गादी, सोफा, वायरचं आवरण, हा प्रकार चांगला पकडतो. जुन्या इमारतींत कधी आयोनायझेशन प्रकारचा सापडतो. त्यात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सर्गी पदार्थ अगदी थोडा असतो. तो फोडायचा नाही आणि भंगारवाल्याला द्यायचा नाही, पुरवठादाराकडेच परत पाठवायचा.

सीओ डिटेक्टर: हा कार्बन मोनॉक्साइड ओळखतो. या वायूला रंग नाही, वास नाही. इंधन पुरेशा हवेशिवाय जळलं की तो तयार होतो. बंद बाथरूममधला गॅस गिझर, खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, दार लावून चालवलेला जनरेटर, ही त्याची नेहमीची ठिकाणं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं पित्त झालं, आणि तो पडून राहतो.

एलपीजी किंवा पीएनजी लीक डिटेक्टर: हा न जळलेला गॅस ओळखतो. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर खाली, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर लावतात. मुंबई-पुण्यात पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ. सिलेंडर जाऊन पाइप आला आणि डिटेक्टर मात्र खालीच राहिला, असं घर दिसलं तर लगेच सांगा.

आता महत्त्वाचं: लीक डिटेक्टर सीओ ओळखत नाही आणि सीओ डिटेक्टर सिलेंडरची गळती ओळखत नाही. काही मॉडेलमध्ये दोन काम एकत्र असतात, पण ते डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर गृहीत धरू नका.

## वय: या धंद्याचा कणा

डिटेक्टरच्या आतला सेन्सर झिजतो. स्मोक डिटेक्टरच्या कप्प्यात धूळ आणि तेलकट थर बसतो, इलेक्ट्रॉनिक भाग जुने होतात. सीओ डिटेक्टरमध्ये बहुतेक वेळा इलेक्ट्रोकेमिकल सेल असतो, म्हणजे आत रसायन असतं. ते वापरा नाहीतर नका वापरू, वय होतच राहतं.

लक्षात ठेवायचे आकडे:

- घरगुती स्मोक अलार्म: बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षं. विकत घेतल्याच्या नाही, बनवल्याच्या.
- सीओ अलार्म: मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते १० वर्षं. कंपनीने पाठीवर छापलेलं असतं, तेच प्रमाण.
- लीक डिटेक्टर: कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली मुदत. एकाची मुदत दुसऱ्याला लावायची नाही.

यावरून दुकानदारासाठी एक धडा निघतो. होलसेलवाला जुना स्टॉक स्वस्तात देत असेल तर आधी पाठ उलटून तारीख बघा. तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला सीओ अलार्म ज्याची मुदत ५ वर्षं आहे, तो तुम्ही गिऱ्हाइकाला दोन वर्षांचाच विकताय. हे औषधासारखं आहे, एक्स्पायरी बघूनच माल उचला.

आणि आता तो नेहमीचा प्रश्न: "ताई, बटण दाबलं की वाजतोय की! मग कशाला बदलायचा?"

टेस्टचं बटण दाबल्यावर बॅटरी, सर्किट आणि भोंगा ठीक आहे एवढं कळतं. सीओ अलार्ममध्ये सेन्सरला खरोखर वायू कळतोय का, हे बहुतेक मॉडेलमध्ये त्या बटणाने कळत नाही. मी गिऱ्हाइकाला असं सांगते: "काका, दाराची बेल वाजते याचा अर्थ वॉचमन जागा आहे असा होत नाही ना?" लगेच पटतं.

## भेटीला गेल्यावर काय करायचं

पायऱ्या क्रमाने. एका घराला साधारण वीस ते तीस मिनिटं पुरतात.

१. घरच्यांना आधी सांगा. आवाज मोठा असतो. घरात लहान बाळ, आजी-आजोबा, हृदयाचे पेशंट असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसायला सांगा. शेजाऱ्यांनाही कल्पना द्या.

२. तारीख वाचा आणि फोटो काढा. डिटेक्टर उतरवा, मॉडेल, बनवल्याची तारीख आणि बदलायची तारीख वहीत लिहा. तारीख सापडत नसेल किंवा पुसली असेल तर तो जुना समजून बदलायचा सल्ला द्या.

३. जागा बघा. स्मोक डिटेक्टर छतावर, पंख्याच्या पात्यांपासून आणि एसीच्या झोतापासून किमान तीन फूट लांब. शेगडीपासून किमान दहा फूट, नाहीतर रोज फोडणीला वाजेल आणि तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी त्याची बॅटरीच काढून ठेवेल. देवघरासमोर, जिथे धूप-उदबत्ती रोज लागते, तिथे नको. झोपायच्या खोलीत आणि खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये असावा, कारण झोपेत धुराच्या वासाने जाग येईल याचा भरवसा नाही.

४. स्वच्छ करा. मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूमचा ब्रशवाला तोंडाचा भाग बाहेरच्या जाळीवरून फिरवा. ओलं फडकं आत घालू नका. कॉलिन, परफ्युम, झुरळांचा स्प्रे जवळ मारू नका, सेन्सर खराब होतो. घराला रंग देताना डिटेक्टरवर रंगाचा हात फिरला असेल तर तो घासून साफ करायचा नाही, बदलायचा.

५. बॅटरी. बदलता येणारी असेल तर वर्षातून एकदा बदला, मग ती चालत असली तरी. कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची घाला, जुनी-नवी एकत्र नको. सीलबंद लिथियम बॅटरीचा असेल तर उघडायचा नाही, तिचं आयुष्य संपलं की पूर्ण डबा बदलायचा. फक्त विजेवर चालणारा लीक डिटेक्टर वीज गेली की बंद, हे घरच्यांना मुद्दाम सांगा. लोडशेडिंगच्या भागात तर नक्की.

६. टेस्ट करा. बटण दाबून आवाज ऐका. मग बेडरूमचं दार लावून आत उभं राहा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. झोपलेल्या माणसाला ऐकू येईल का, ते आत उभं राहूनच कळतं. सेन्सर तपासायचा असेल तर त्यासाठी बनवलेला टेस्ट स्प्रे किंवा टेस्ट गॅस मिळतो, तोच वापरा. उदबत्ती किंवा काडी जवळ धरू नका, काजळी आत बसते. लायटरचा गॅस लीक डिटेक्टरवर सोडायची सवय खूप कारागिरांना आहे. तेवढ्या जोरदार गॅसने सेन्सर बिघडू शकतो.

७. स्टिकर आणि नोंद. आजची तारीख, पुढच्या भेटीची तारीख, बदलायचं वर्ष. एक स्टिकर डिटेक्टरजवळ, एक नोंद तुमच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये, आणि एक फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर.

दोन भेटींच्या मधल्या काळात घरच्यांनी महिन्यातून एकदा स्वतः बटण दाबायचं. पगाराची तारीख किंवा संकष्टी, जे लक्षात राहील ते त्यांना ठरवून द्या.

## फोनवर येणारे प्रश्न

"ताई, रात्रभर मधूनमधून चिक्-चिक् करतंय." दर ३०-६० सेकंदांनी एकच बारीक आवाज म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी संपत आली. नवी बॅटरी घालूनही थांबत नसेल तर वय संपल्याची खूण असू शकते. पाठीवरची तारीख वाचायला सांगा.

"धूर नसताना वाजतो." धूळ, मुंगी-कोळी, बाथरूमची वाफ, किंवा जागा चुकलेली. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर असे फोन हमखास येतात.

"गिझर चालू होता, थोडं डोकं दुखलं, पण सीओ अलार्म वाजला नाही." इथे सावध. सीओ अलार्म किती वायू किती वेळ आहे यावर वाजतो. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकानुसार ७० पीपीएमला तो १ ते ४ तासांत वाजायला हवा, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे अलार्म गप्प आहे म्हणून सगळं ठीक आहे असं नाही. त्रास होत असेल तर आधी गिझर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि डॉक्टरला "गॅस गिझर चालू होता" हे आवर्जून सांगायचं.

खरा अलार्म वाजला तर काय करायचं, याचा छोटा कागद प्रत्येक गिऱ्हाइकाला द्या:

- धूर: सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, लिफ्ट वापरू नका, १०१ किंवा ११२ ला फोन.
- सीओ: मोकळ्या हवेत जा, डोकेदुखी किंवा चक्कर असेल तर १०८. घर मोकळं केल्याशिवाय आणि कारण सापडल्याशिवाय परत आत जाऊन झोपू नका.
- एलपीजी गळती: कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, काडी नको. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ या गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

## जिथे विक्री करायची नाही

आमच्या दुकानात दर हिवाळ्यात असं गिऱ्हाईक येतं: गॅस गिझर बाथरूमच्या आत, खिडकी थर्मोकोलने बंद केलेली, आणि म्हणतात, "सीओचा अलार्म लावून द्या, म्हणजे काळजी नाही."

मी देत नाही. बाथरूमच्या वाफेत बहुतेक सीओ अलार्म लावायलाच कंपनी मनाई करते. बाहेर पॅसेजमध्ये लावला तर बंद दाराआड काय चाललंय हे त्याला उशिरा कळणार. तिथे उत्तर अलार्म नाही. उत्तर म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवणं, किंवा इलेक्ट्रिक गिझर घेणं. गिझर बाहेर नेल्यावर घरात सीओ अलार्म लावा, मग तो पाठराखण करतो.

हजार-दोन हजारांची विक्री गेली, मान्य. पण विचार करा, तुमच्या स्टिकरवर तुमचा नंबर आहे. त्या घरात काही झालं तर तो स्टिकर तिथेच असणार. या धंद्यात भांडवल पैशाचं कमी लागतं, विश्वासाचं जास्त.

त्याच कारणाने पावतीवर "घर सुरक्षित आहे" असं कधी लिहू नका. लिहायचं ते एवढंच: अमुक तारखेला तपासलं, या स्थितीत होतं, हे बदलायला सांगितलं. गिऱ्हाइकाने बदलायला नकार दिला तर तेही लिहा आणि सही घ्या.

## कायद्याची रेघ कुठे आहे

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो, तिथल्या मालकाला किंवा सोसायटीला अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे "फॉर्म बी", वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते फक्त लायसन्स असलेली एजन्सीच देऊ शकते. इमारतीच्या पॅनेलला जोडलेले डिटेक्टर त्या यंत्रणेचा भाग असतात, आणि त्यांच्या देखभालीसाठी आयएस २१८९ हे वेगळं भारतीय मानक आहे. लायसन्स नसताना त्या डिटेक्टरला हात लावायचा नाही.

तुमचं क्षेत्र आहे घरातले स्वतंत्र, बॅटरीवर किंवा प्लगवर चालणारे अलार्म. ते पुरेसं मोठं आहे. पुढे वाढायचं असेल तर एखाद्या लायसन्सधारक एजन्सीबरोबर काम करून शिका.

बाकी कागदपत्रं नेहमीचीच: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कामगार थोडे असतील तर गुमास्ताची फक्त सूचना द्यावी लागते. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही सेवाही देणार, म्हणून २० लाखांचा आकडा डोक्यात ठेवा. उतरवलेले जुने डबे आणि बॅटऱ्या ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे द्या, गल्लीतल्या कचराकुंडीत नाही.

## गिऱ्हाईक कोण?

दारोदार फिरू नका. आधी यांच्याकडे जा:

- गॅस गिझर किंवा पाइप गॅस असलेल्या सोसायट्या.
- लोणावळा, महाबळेश्वर, मालवण, गोव्यातले होमस्टेवाले. बुकिंगच्या ॲपवर स्मोक आणि सीओ अलार्म आहे का, हे दाखवायची सोय असते आणि परदेशी पाहुणे ते बघतात.
- पीजी आणि हॉस्टेल चालवणारे.
- मुलं परदेशात असलेले आई-वडील. इंग्लंडमध्ये घरमालकाला भाडेकरूच्या घरात स्मोक अलार्म लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे, अमेरिकेत घराघरात ते दिसतात. तिथे राहणाऱ्या मुलाला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. आई-बाबांच्या घरच्या भेटीचा फोटो त्याला पाठवा, पुढच्या वर्षीचे पैसे तोच भरतो.

## हिशोब

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. समजा ६० घरं, वर्षाला दोन भेटी, एका भेटीचे ४०० रुपये. १२० भेटींचे झाले ४८,००० रुपये. पेट्रोल, स्टिकर, फोन मिळून भेटीमागे ८० रुपये धरले तर ९,६०० खर्च. उरले ३८,४००. प्रत्येक घरात दोन डिटेक्टर धरले तर १२० डिटेक्टर. सरासरी आठ वर्षांनी बदलायचे म्हटलं तर वर्षाला १५. एकावर ३५० रुपये मार्जिन म्हणजे ५,२५०. एकूण ४३,६५० रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला साधारण ३,६००.

यावर नोकरी सोडू नका! हा जोडधंदा आहे. पण इलेक्ट्रिशियन, गिझर रिपेअर, आरओ सर्व्हिस किंवा इलेक्ट्रिकल दुकान आधीच असेल तर गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तुम्हाला घरात बोलावतं आणि त्याचे पैसेही देतं. तिथून वायरिंगचं, एमसीबीचं, गिझर हलवायचं काम येतं. एकाच सोसायटीतली आठ घरं एका सकाळी केली तर पेट्रोल एकदाच लागतं. म्हणून घरं वाढवण्याआधी एक बिल्डिंग पूर्ण करा.

## गृहपाठ

१. आज स्वतःच्या घरातले, नातेवाइकांकडचे आणि ऑफिसमधले मिळून पाच डिटेक्टर शोधा. पॅनेलला जोडलेले असतील तर लांबूनच बघा. सुटे असतील त्यांची बनवल्याची तारीख लिहा. पाच सापडले नाहीत तर तेही लिहा, बाजार किती मोकळा आहे ते कळेल.

२. एका कागदावर सहा रकाने आखा: घर, डिटेक्टरचा प्रकार, बनवल्याची तारीख, बॅटरीची तारीख, पुढची भेट, बदलायचं वर्ष. हीच तुमची खरी मालमत्ता. दुकान जळालं तरी माल परत आणता येतो, ही वही परत आणता येत नाही. रोज तिचा बॅकअप घ्या.

३. ओळखीच्या तीन घरी फुकट भेट द्या, सातही पायऱ्या करा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. चौथ्या घरापासून पैसे घ्या.

तुमच्या पाच डिटेक्टरांपैकी किती मुदतीबाहेर निघाले, ते व्हिडिओखाली लिहा. तुमच्या आकड्यांवरून पुढच्या धड्यात वार्षिक देखभाल कराराचा मसुदा करू. तोपर्यंत एकच काम: खुर्चीवर चढा, डबा उतरवा, पाठ वाचा.